लाजेच्या पडद्याआडचे दुखणे

गाडी मोठ्या शहराच्या जवळ येऊ लागली, की रुळांच्या कडेच्या भिंती बोलू लागतात. इंदूर घ्या, उज्जैन घ्या, ग्वाल्हेर घ्या. चुना फासलेल्या भिंतीवर ठसठशीत अक्षरांत मजकूर एकच. गुप्तरोग, गेलेली ताकद, निराश रोग्यांस शेवटची संधी! डब्यातले सगळे प्रवासी तो मजकूर वाचतात आणि कोणीच वाचला नाही असे दाखवितात. ज्या विषयाची अक्षरे भिंतीवर हातहात उंचीची आहेत, त्याविषयी घरात, मित्रमंडळीत, इतकेच काय ओळखीच्या डॉक्टरांपुढेही आपल्या तोंडून अवाक्षर निघत नाही.

पुरुषाच्या लैंगिक दुर्बलतेविषयी या पानावर लिहावे, आणि तेही गाणे शिकविणाऱ्या माणसाने, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. दुखणे वैद्यकाचे आहे हे खरे. पण त्या दुखण्याभोवती जे मौन आहे, ते वैद्यकाने निर्माण केलेले नाही. ते आपल्या भाषेतून, आपल्या कथांतून, पुरुषार्थाच्या आपल्या कल्पनांतून आलेले आहे. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत शास्त्राने या दुखण्याचे कोडे पुष्कळसे उलगडले; उपायही हाती आले. तरीही माणसे भिंतीवरचा पत्ता शोधीत जातात. शास्त्र पुढे गेले आणि लाज जागच्या जागी राहिली, तर त्या शास्त्राचा उपयोग काय? म्हणून हा प्रपंच.

शब्दाचा दंश

प्रथम शब्द पाहू. नपुंसक, षंढ, क्लीब. या तिन्ही शब्दांत रोगाचे नाव कोणते आणि शिवी कोणती, हे वेगळे काढता यावयाचे नाही. रणांगणावर धनुष्य टाकून बसलेल्या अर्जुनाला श्रीकृष्णाने जो दोष दिला तो क्लैब्याचाच. वास्तविक तेथे प्रश्न मनाच्या कच खाण्याचा होता, शरीराचा नव्हता. शरीराच्या एका अवस्थेचे नाव भित्रेपणाला देण्याची रूढी इतकी जुनी आहे. त्याच महाभारतात तोच अर्जुन अज्ञातवासाचे वर्ष बृहन्नडा होऊन काढतो, विराटाच्या राजवाड्यात उत्तरेला गायन-नृत्य शिकवितो, आणि वर्ष सरताच गांडीव उचलून एकट्याने कौरवसेना परतवितो. शौर्याचा आणि या एका इंद्रियव्यापाराचा काही संबंध नाही, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी गोष्ट आपल्याच घरात असताना आपण शिवी तेवढी लक्षात ठेवली.

आपल्या प्राचीन वैद्यांनी मात्र शिवी दिलेली नाही. त्यांनी कारणे शोधली. चरकाने क्लैब्याचे चार प्रकार सांगितले. बीजाचा दोष, इंद्रियाचा दोष, वार्धक्य आणि शुक्राचा क्षय. सुश्रुताने जे प्रकार मोजले त्यांत पहिलाच मानस, म्हणजे मनातून उद्भवणारा. वाजीकरण ही तर आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक. आणि चरकाने नाना औषधी पाक सांगितले असले, तरी मनाजोगत्या स्त्रीलाच श्रेष्ठ वाजीकरण म्हटले आहे. त्यांची सगळी औषधे आजच्या कसोटीला उतरतील असे नाही. पण हे एक दुखणे आहे, त्याला अनेक कारणे असतात आणि त्यांत मनाचाही वाटा असतो, एवढे तारतम्य त्या ग्रंथांत आहे.

पाश्चात्त्यांकडेही शब्दाचा दंश होताच. तिकडे या विकाराला ‘इम्पोटन्स’, म्हणजे सरळसरळ सामर्थ्यहीनता, म्हणत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 1992 साली तज्ज्ञांची परिषद भरविली. तिने ठरविले, की हा शब्द वैद्यकातून काढून टाकावा आणि त्याजागी ‘इरेक्टाइल डिसफंक्शन’ म्हणावे. मराठीत उत्थानदोष म्हणता येईल. समाधानकारक समागमाला पुरेसे उत्थान न होणे किंवा झालेले न टिकणे, एवढाच त्याचा अर्थ. नाव बदलल्याने रोग बरा होत नाही. परंतु जे नाव घेताना रोग्याची मान खाली जाते, त्या नावाने कोणी दवाखान्यात येत नाही, हेही खरेच.

माकडाच्या ग्रंथीपासून मनापर्यंत

या विकारावरील उपायांचा इतिहास कधी हसू आणणारा, कधी कीव आणणारा आहे. ब्राऊन-सेकार हे एकोणिसाव्या शतकातले नामांकित शरीरशास्त्रज्ञ. 1889 साली, वयाच्या 72 व्या वर्षी, त्यांनी कुत्रे आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपल्याला तारुण्य परत आल्याचे जाहीर केले. 1920 च्या सुमारास व्होरोनॉफ नावाचे शल्यवैद्य फ्रान्समध्ये माकडांच्या वृषणांचे काप श्रीमंत वृद्धांच्या शरीरात बसवू लागले. व्हिएन्नाच्या श्टाइनाख यांच्या मताने वीर्यवाहिनी बांधली की तारुण्य परतते. ही शस्त्रक्रिया 1923 साली खुद्द फ्रॉइडने करवून घेतली. आणि 1934 साली कवी येट्सने, रवींद्रनाथांच्या इंग्रजी गीतांजलीला प्रस्तावना लिहिणाऱ्या येट्सनेच! मोठ्या बुद्धीची माणसेही या बाबतीत किती हळवी असतात, ते यावरून दिसते. 1935 साली टेस्टोस्टेरॉन हे पुरुष संप्रेरक शुद्ध रूपात हाती आले, कृत्रिम रीतीने तयारही झाले, आणि माकडांची सुटका झाली.

पण संप्रेरक देऊनही बहुसंख्य रोगी बरे होईनात. तेव्हा दोष मनाचा, असे मत बळावले. फ्रॉइड आणि त्यांच्या संप्रदायाचा तो काळ. शतकाचा पाऊण भाग उलटेपर्यंत, दहांतले नऊ रोगी मानसिक कारणाचेच असतात, असे वैद्यकीय पुस्तके बिनदिक्कत सांगत. या मतात तथ्य होते, पण ते अर्धे.

ते अर्धे तथ्य कोणते, हे 1966 आणि 1970 साली प्रसिद्ध झालेल्या दोन ग्रंथांनी नीट मांडले. अमेरिकेतील सेंट लुईस येथील मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीने ते लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की एकदा कोणत्याही कारणाने, थकव्याने, मद्याने, काळजीने, फजिती झाली, की पुढच्या वेळी पुरुष समागमात नसतोच. तो स्वतःकडे प्रेक्षकासारखा पाहत असतो. जमेल की नाही, हाच विचार. आणि पाहणारा जागा झाला, की करणारा ढासळतो.

हे वाचताना आम्हा गाणाऱ्या मंडळींना फार ओळखीचे वाटते. घरी रियाजात ज्याचा षड्ज तंबोऱ्याशी एकजीव होतो, तोच शिष्य पहिल्या मैफलीत बसला की घसा कोरडा, हात गार आणि श्वास आखूड. गळा तोच, शिक्षण तेच. फक्त तो आता गात नाही, स्वतःचे गाणे तपाशीत बसला आहे. त्याला ‘जोर लाव’ म्हणणे हा उपाय नव्हे. जोराने सूर आणखी चढतो. त्याचे लक्ष परीक्षेवरून काढून सुरावर आणावे लागते. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी नेमके तेच केले. त्यांनी एकट्या पुरुषाला न तपासता पती-पत्नी दोघांना बोलाविले, काही दिवस समागम वर्ज्य केला, आणि केवळ स्पर्शाचे सुख घ्यावयास सांगितले. परीक्षाच रद्द केल्यावर नापास होण्याचे भय कोठून राहणार? ही पद्धत आजही वापरली जाते.

यात शरीरशास्त्रही आहे. भीतीच्या वेळी अॅड्रेनॅलिन स्रवते, आणि ते इंद्रियाच्या रक्तवाहिन्या आकसून टाकते. पळावयाच्या किंवा लढावयाच्या वेळी शरीराने रतिसुखाचा मार्ग बंद करावा, हे निसर्गाचे शहाणपणच आहे. बिचाऱ्या नवविवाहिताला वाघाचे भय नसते, फजितीचे असते. पण शरीराला दोन्ही भये सारखीच.

मग दोष मनाचा की शरीराचा, हे ओळखावयाचे कसे? त्याची युक्ती झोपेत सापडली. निरोगी पुरुषाला रात्री स्वप्नावस्थेच्या झोपेत तीन ते पाच वेळा आपोआप उत्थान होते. झोपेत फजितीचे भय नसते. तेव्हा झोपेत यंत्र नीट चालते आणि जागेपणी अडते, तर मनाकडे पाहावे. झोपेतही चालत नसेल, तर शरीराकडे. 1980 साली काही अमेरिकन डॉक्टरांनी यासाठी पोस्टाच्या तिकिटांची पट्टी वापरून दाखविली. निजताना ती गुंडाळून चिकटवावयाची. सकाळी दातऱ्यांवर फाटली असेल तर यंत्र शाबूत! पुढे याकरिता नाजूक उपकरणे निघाली. ‘सकाळी जाग येते तेव्हा उत्थान असते का,’ हा प्रश्न मात्र डॉक्टर आजही विचारतात, आणि त्याचे उत्तर लाजून चुकीचे देऊ नये.

रक्ताचा मार्ग

उत्थान म्हणजे इंद्रियात भरलेला वारा, असे युरोपात शतकानुशतके मानीत. लिओनार्दो दा व्हिंची या चित्रकाराने फाशी गेलेल्यांची प्रेते पाहून सांगितले, की ते वारा नव्हे, रक्त आहे. एवढे समजल्यावरही रक्त तेथे येते कसे आणि थांबते कसे, हे कळावयास विसावे शतक सरत आले.

1982 साली पॅरिसचे शल्यवैद्य व्हिराग यांनी प्रसिद्ध केले, की पापाव्हेरिन हे औषध इंद्रियात टोचल्यास मनाच्या प्रेरणेवाचूनही उत्थान होते. हे पापाव्हेरिन अफूच्या चिकात असते. आपल्या माळव्यात मंदसौर-नीमचकडे जी पांढरी फुले डोलतात, त्यांच्याच बोंडांत. पुढच्याच वर्षी, 1983 साली, अमेरिकेत लास व्हेगास येथे मूत्ररोगतज्ज्ञांची परिषद भरली. तेथे इंग्लंडचे शरीरशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली व्याख्यानाला उभे राहिले. साठीकडे झुकलेले हे गृहस्थ अशाच औषधांचे प्रयोग स्वतःवर करीत होते. व्याख्यानाच्या आधी त्यांनी स्वतःला इंजेक्शन घेतले होते, आणि परिणाम कामवासनेचा नसून औषधाचा आहे, याचा पुरावा त्यांनी भरसभेत स्वतःच्या देहावरच दाखविला. सभेची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी! पण त्या एका व्याख्यानाने शंकेला जागा ठेवली नाही. हे काम स्नायूंचे आणि रक्तवाहिन्यांचे आहे, आणि औषधाला ते वश होते. आमच्या व्यवसायातील वाचकांसाठी आणखी एक गंमत. याच ब्रिंडलींनी बसून नावाच्या पाश्चात्त्य सुषिर वाद्याचा एक विजेवर चालणारा प्रकारही बनविला होता. मनुष्य सगळ्याच वाद्यांची रचना उलगडून पाहणारा दिसतो.

औषध चालते हे कळले. शरीर स्वतः काय करते हे कळावयाचे होते. 1980 साली फर्शगॉट या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखविले, की रक्तवाहिनीचे आतले अस्तर एक द्रव्य सोडते आणि त्याने वाहिनीची भिंत सैल पडते. ते द्रव्य म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू, हे काही वर्षांत सिद्ध झाले. त्याच्याही आधी म्युराड यांनी दाखविले होते, की हृद्‌शूळावर शंभर वर्षे दिले जाणारे नायट्रोग्लिसरीन शरीरात हाच वायू सोडते. 1990 च्या सुमारास इग्नॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच वायू इंद्रियातील उत्थानाचाही दूत आहे हे दाखवून दिले. फर्शगॉट, इग्नॅरो आणि म्युराड यांना 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या आल्फ्रेड नोबेलांनी नायट्रोग्लिसरीनच्या सुरुंगावर संपत्ती मिळविली, त्यांनाच अखेरच्या दिवसांत डॉक्टरांनी हृदयासाठी नायट्रोग्लिसरीन सुचविले होते!

आता यंत्र समजून घ्यावयास कठीण नाही. एरवी इंद्रियातील मऊ स्नायू आवळलेले असतात आणि रक्त बेताचेच येते. मनात इच्छा उठली किंवा स्पर्श झाला, की मज्जातंतू नायट्रिक ऑक्साइड सोडतात. त्याने पेशींत दुसरे एक द्रव्य वाढते, स्नायू सैल पडतात, रोहिण्यांतून रक्त भरते, आणि त्या भरण्यानेच परतीच्या नीला दाबल्या जाऊन रक्त कोंडून राहते. काम संपल्यावर एक पाचक द्रव्य, फॉस्फोडायएस्टरेज पाच, त्या दूताचा निरोप पुसून टाकते.

हा निरोप पुसणारा हात धरून ठेवणारे औषध इंग्लंडच्या केंट परगण्यात सँडविच या गावी फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत निघाले. काढले होते हृद्‌शूळासाठी. तेथे ते फारसे उपयोगी ठरेना; पण चाचणीतील पुरुषांनी वेगळाच परिणाम सांगितला. तेच सिल्डेनाफिल. 27 मार्च 1998 रोजी अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली आणि व्हायग्रा हे नाव जगभर झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, औषध घेणाऱ्यांचे शंभरांतले 69 प्रयत्न यशस्वी झाले. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचे 22. हा दुसरा आकडाही विचार करण्याजोगा आहे. काही औषध नसलेल्या गोळीनेही पाचांत एक प्रयत्न साधतो, तो केवळ धीर आल्याने. भिंतीवरच्या वैद्यांची पुडी काहींना गुणकारी का वाटते, त्याचे उत्तर येथे आहे.

पुढे 2003 साली टाडालाफिल आणि व्हार्डेनाफिल आली. सिल्डेनाफिलचा प्रभाव चार-पाच तास, टाडालाफिलचा छत्तीस तासांपर्यंत. एक गैरसमज दूर केला पाहिजे. या गोळ्या कामेच्छा उत्पन्न करीत नाहीत. इच्छा उठून दूत निघाला, तरच त्याचा निरोप त्या टिकवितात. ज्या घरात दोघांत अबोला आहे, तेथे गोळी काय करणार?

हृदयाची आगाऊ सूचना

या साऱ्या संशोधनातून निघालेली सर्वांत मोलाची गोष्ट शयनगृहातली नाही, हृदयातली आहे.

इंद्रियाची रोहिणी अवघी एक-दोन मिलिमीटर रुंद असते. हृदयाला रक्त पुरविणारी तीन-चार मिलिमीटर. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, रक्तातील चरबी यांनी वाहिन्यांची अस्तरे साऱ्या शरीरात एकदमच बिघडू लागतात. पण अरुंद वाहिनी आधी तुंबते. इटलीतील मोंतोर्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली छातीच्या दुखण्याने रुग्णालयात आलेल्या आणि हृदयाच्या रोहिण्या तुंबलेल्या 300 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना उत्थानदोष होता. आणि अशांपैकी शंभरांत 67 जणांना तो छाती दुखण्याच्या आधीच, सरासरीने तीन वर्षांहून अधिक आधी, सुरू झाला होता. तीन वर्षे! चालणे सुरू करावयास, तंबाखू सोडावयास, साखर आवरावयास, रक्त तपासून घ्यावयास तीन वर्षे पुष्कळ झाली. ती वर्षे ज्यांनी लाजेत घालविली, त्यांची किंमत त्यांच्या बायकामुलांनीही मोजली असेल.

आपल्याकडे तर हे अधिकच लागू. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. मधुमेह रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही पोखरतो, म्हणून मधुमेह्यांत हा दोष अधिक आणि तोही लवकर दिसतो. कित्येकांचा मधुमेह पहिल्यांदा उघडकीस येतो तो याच तक्रारीच्या निमित्ताने.

हा बिघाड काही अंशी परतविताही येतो. नेपल्समधील एका प्रयोगात 110 लठ्ठ पुरुषांपैकी निम्म्यांना दोन वर्षे आहार आणि व्यायाम यांचे नीट मार्गदर्शन दिले. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे त्यांतील 55 पैकी 17 जणांचा दोष औषधावाचून दूर झाला. दुसऱ्या गटात अवघ्या तिघांचा. बारा भस्मे घातलेल्या पाकापेक्षा पहाटेचे चालणे स्वस्त आणि निर्धोक आहे.

येथेच धोक्याची सूचना. हृद्‌शूळासाठी जिभेखाली ठेवावयाची नायट्रेटची गोळी जे घेतात, त्यांनी व्हायग्रासारखी गोळी मुळीच घेऊ नये. दोन्ही औषधे त्याच एका मार्गाने वाहिन्या सैल करतात. एकत्र आली तर रक्तदाब एकाएकी इतका कोसळतो, की प्राणावर बेतते. गोळी घेतल्यावर छातीत दुखू लागले, तर रुग्णालयात आधी तिचे नाव सांगावे. सिल्डेनाफिलनंतर निदान 24 तास आणि टाडालाफिलनंतर 48 तास नायट्रेट देता येत नाही. जो पुरुष ही गोळी बायकोपासून लपवून घेतो, त्याच्या वतीने ते सांगणार कोण? लाज प्राणघातक ठरते, ती अशी.

गोळी चालली नाही तर

गोळीने सर्वांनाच गुण येतो असे नाही. मग निर्वात पंपाचे साधे उपकरण आहे. स्वतः टोचून घ्यावयाची इंजेक्शने आहेत. त्यांनी चार तासांहून अधिक उत्थान राहिले, तर मात्र संकोच न करता रुग्णालय गाठावे. शेवटचा उपाय शस्त्रक्रियेचा. पिचकारीच्या तत्त्वावर फुगविता येणारे रोपण 1973 सालापासून चालत आले आहे. प्रॉस्टेटच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हा दोष पूर्वी जवळजवळ ठरलेलाच असे. अमेरिकेतील शल्यवैद्य वॉल्श यांनी 1982 साली संबंधित मज्जातंतू वाचवून शस्त्रक्रिया करण्याची रीत घालून दिली, तेव्हापासून पुष्कळांची त्यातून सुटका होते.

टेस्टोस्टेरॉनचा मोह मात्र आवरावा. रक्तात ते खरोखर कमी असेल तरच त्याचा उपयोग. अशा पाच हजारांहून अधिक पुरुषांवरील चाचणीचा निष्कर्ष 2023 साली आला. हृदयविकाराचा झटका वाढला नाही, हे दिलाशाचे. पण हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि फुप्फुसातील गुठळ्या वाढलेल्या आढळल्या. जाहिरात होणाऱ्या ध्वनिलहरींच्या आणि रक्तघटकांच्या इंजेक्शनांच्या उपचारांचे काम अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे.

शीघ्रपतन ही दुसरी तक्रार, आणि तरुणांत हीच अधिक. तीवर 1956 साली सीमन्स या अमेरिकन डॉक्टरांनी थांबत थांबत पुढे जाण्याचा अभ्यास सांगितला. तो पती-पत्नींनी मिळून करावयाचा. काही औषधेही आता आहेत. लय आवरण्याचा हा अभ्यास आहे. द्रुत लयीत घाईने शिरणाऱ्या शिष्याला विलंबितात परत आणावे, तसा.

आपल्याच घरातला दिवा

आपल्याकडची एक खास व्यथा आहे ‘धातू जाण्याची’. लघवीतून किंवा स्वप्नात वीर्य गेले, की शरीरातले सत्त्व गेले, या भीतीने झिजणारे तरुण भारतीय मानसरोगतज्ज्ञांना इतके दिसले, की डॉ. विग यांनी 1960 साली त्या अवस्थेला धातुरोगाचेच नाव दिले. वीर्य जाण्याने अशक्तपणा येत नाही. भीतीने मात्र येतो. भिंतीवरचा वैद्य तीच भीती विकतो.

या विक्रीला कायद्याने बंदी आहे. 1954 च्या औषधे व जादूचे उपाय यांविषयीच्या कायद्याने लैंगिक सामर्थ्य वाढविण्याच्या जाहिराती निषिद्ध केल्या. तरी भिंती रंगतात. त्याहून वाईट म्हणजे ‘निव्वळ वनस्पती’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत आणि गोळ्यांत न सांगता सिल्डेनाफिल मिसळल्याचे परदेशांतील औषध नियंत्रकांना वारंवार आढळले आहे. नायट्रेट घेणाऱ्या हृद्‌रोग्याने अशी पुडी घेतली तर काय होईल, ते वर आलेच आहे.

आणि मराठी माणसाने तरी या विषयावर बोलण्यास कचरू नये. 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणारे, 1927 पासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक एकहाती चालविणारे रघुनाथ धोंडो कर्वे मराठीच. वाचकांनी लैंगिक शंका विचाराव्या आणि कर्व्यांनी आडपडदा न ठेवता उत्तरे द्यावीत. अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 साली मुंबईच्या न्यायालयात त्यांचे वकीलपत्र घेऊन उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला, आणि मासिक पुढच्या महिन्यांतही निघतच राहिले. त्या वेळी कर्व्यांपाशी नायट्रिक ऑक्साइडचे शास्त्र नव्हते. आज ते आहे. मग धैर्यच कमी का पडावे?

तेव्हा करावयाचे ते थोडकेच. ही तक्रार तीन महिने टिकली, तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे, मूत्ररोगतज्ज्ञ पुढचा. रक्तदाब, साखर, चरबी तपासून घ्यावी. चालू असलेली सर्व औषधे सांगावीत, कारण रक्तदाबाच्या आणि मनोविकारांच्या काही औषधांनीही हा दोष येतो; पण ती आपल्या मनाने बंद करू नयेत. शक्य तर पत्नीला बरोबर न्यावे. तिने या दिवसांत पुष्कळदा मनाशी असे धरलेले असते, की आपणच नकोशा झालो. तिला खरे कारण कळले, तर निम्मा भार तेथेच उतरतो. डोळ्यांना अंधुक दिसू लागले की आपण चष्म्याचा नंबर काढावयास जातो आणि घरी येऊन सर्वांना सांगतो. ही तक्रारही तितक्याच साध्या आवाजात डॉक्टरांपुढे सांगता आली पाहिजे.